तिसऱ्या बाकावरची हजेरी

प्रतिभाबाई नेवासकरांना चार मुलं एकत्र दिसली की त्यांची हजेरी घ्यावीशी वाटे. हा शिक्षकी पेशाचा रोगच म्हणायचा. बारा वर्षं उज्जैनच्या माधव नगरातल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या नजरेनेच डोकी मोजत. घरी गोपाळ आणि जयू जेवायला वेळेवर आले नाहीत, तर ओसरीत उभ्या राहून पूर्ण नावाने पुकारा करत, आणि मुलं "हजर, बाई!" म्हणत पाटावर येऊन बसत. शेजारपाजारचे हसत. हसेनात का.

त्यामुळे दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी सरकारी जीपमध्ये मुलं कुरकुरायला लागल्यावर हजेरीचा खेळ निघाला, यात नवल नव्हतं. सन छप्पन्नचा ऑक्टोबर चालू होता. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपून मध्य प्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, आणि त्याआधी बांधकाम खात्यातल्या विनायकरावांना आसपासच्या छावण्यांतली इंग्रजांची ओस पडलेली चर्चं मोजून, छप्पर शाबूत आहे की नाही तेवढं लिहून, यादी धाडायची होती. नव्या सरकारला गोऱ्यांच्या रिकाम्या चर्चांचं काय लोणचं घालायचं होतं, देव जाणे. ड्रायव्हर सणाला गावी गेलेला. विनायकराव स्वतःच गाडी हाकणार होते, म्हणून म्हणाले, "चला सगळेच. दोन वर्षांत आपण कुठे निघालोच नाही."

दोन वर्षं का, हे घरात कोणी विचारत नसे. गोपाळ दहा वर्षांचा, जयू सहाची, आणि त्या दोघांच्या मधला मधू दोन वर्षांपूर्वी श्रावणात मुदतीच्या तापाने गेला होता. तोही तेव्हा सहाच वर्षांचा होता. विनायकरावांच्या आईने, अक्कांनी, त्याचे कपडे राम घाटावर वाटून टाकले आणि सगळ्यांना बजावलं, आता उरलेल्या लेकरांसमोर त्याचं नाव काढायचं नाही. कोणी काढलंही नाही. अक्का प्रेमळच होत्या, पण प्रेमाने माणूस काय काय बंद करून टाकतो!

पहिली दोन चर्चं दुपारपर्यंत उरकली. मुलांना पहिल्यात मजा वाटली, दुसऱ्यात भूक लागली. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या संपल्या, म्हशी मोजून झाल्या, विजेचे खांबही मोजून झाले.

"आई, हा मला परेशान करून राहिलाय," जयू म्हणाली.

"मी काहीच नाही केलं. हीच माझ्या अंगावर पाय टाकून राहिली आहे."

"एकच राहिलं आता," विनायकराव म्हणाले. "मग सीधे घर."

तिसरं चर्च आगरच्या रस्त्यावरून आत सात-आठ मैलांवर, एका मोडलेल्या छावणीत होतं. छावणी म्हणजे आता नुसते चौथरे आणि सीताफळीचं रान. चर्च मात्र उभं होतं. लाल कौलं, निमुळत्या खिडक्या, आणि दारापुढे स्वच्छ झाडलेलं अंगण. एका म्हाताऱ्या चौकीदाराने किल्ली आणून कुलूप काढलं आणि तो बाहेरच उकिडवा बसला. विनायकराव टेप घेऊन मागच्या भिंतीकडे गेले.

आत गार होतं. ऑक्टोबरच्या उन्हातून आल्यावर बरं वाटलं, पण पाच मिनिटांनी प्रतिभाबाईंनी पदर खांद्यांवरून ओढून घेतला. लाकडी बाकांच्या दोन रांगा होत्या. एवढी वर्षं कोणी येत नव्हतं म्हणे, तरी बाकांवर धूळ नव्हती. डाव्या भिंतीत संगमरवराच्या छोट्या छोट्या पाट्या बसवल्या होत्या. एरवी अशा पाट्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर असतात. या खाली, मुलांच्या उंचीवर होत्या. प्रतिभाबाईंनी वाकून वाचलं. सहा मुलं. कोणी चार वर्षांचं, कोणी सात. सगळी एकाच आठवड्यात पटकीने गेलेली.

त्यांना पहिल्यांदा वाटला तो हेवा, दुःख मागाहून आलं. यांच्या आयांनी नावं दगडात कोरून घेतली होती. कोणी त्यांना गप्प बसवलं नव्हतं.

"आई, काय खेळू?" जयूने पदर ओढला.

"शाळा-शाळा. बसा बाकांवर."

"दोन मुलांची कुठे शाळा असते का?" जयूला सगळं रीतसर लागे. "ही भिंतीवरची मुलं पण घे ना."

गोपाळला ही युक्ती भलतीच आवडली. प्रतिभाबाई समोरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाट्यांवरची नावं पुकारायला सुरुवात केली. एलिस म्हटलं की जयू या बाकावर धावत येऊन "हजर!" म्हणे, जॉर्ज म्हटलं की गोपाळ त्या बाकावरून जाड आवाजात ओरडे. तिघंही खूप हसली. दोन वर्षांत असं हसणं झालं नव्हतं. त्या हसण्याच्याच भरात गोपाळ बोलून गेला, "आणि आपला मधू राहिला, बाई!"

बोलला आणि त्याने स्वतःच तोंडावर हात ठेवला. प्रतिभाबाई रागावल्या नाहीत. त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "मधुकर वि..."

"हजर!"

मधूची ती खोडच होती. तो त्यांच्याच वर्गात होता, आणि नाव पुरं व्हायच्या आत ओरडून मोकळा होई. रोज बोलणी खाई, रोज तेच करी. आवाज तिसऱ्या बाकावरून आला होता. तिसऱ्या बाकावर जयू बसली होती, पाय हलवत, तोंड मिटून.

"जयू, तू बोललीस?"

जयूने त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाला तरी विचारलंय, अशा नजरेने.

"जयश्री विनायक नेवासकर," प्रतिभाबाईंनी पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. जयू खिडकीकडे बघत राहिली.

खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. हे त्यांना कळत नव्हतं असंही नाही. पण दोन वर्षं त्या आवाजासाठी कान कोरडे पडलेल्या बाईला तुम्ही-आम्ही काय सांगणार? त्या अगदी हळू म्हणाल्या, "मधू?"

"हजर!"

गोपाळ रडायला लागला. तेवढ्यात विनायकराव टेप गुंडाळत आले. "छप्पर एकदम मजबूत आहे. चला, जल्दी आटपा."

जयू सगळ्यांबरोबर चालत बाहेर आली, जीपमध्ये चढून बसली. चौकीदाराने कुलूप लावलं आणि झोळीतून पेरू, इकडची जामफळं, काढून प्रतिभाबाईंच्या हातावर ठेवली. "लो बई, छोराहोण सारू." पोरं दोन, आणि पोरांसाठी म्हणून दिलेली जामफळं तीन होती. प्रतिभाबाईंनी त्याला काही विचारलं नाही. तिन्ही जामफळं ओटीत घेतली, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. एवढा आनंद की भीतीला जागाच उरली नाही.

जीप रानातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली. ऊन उतरलं होतं. प्रतिभाबाई मागच्या बाजूला जयू-गोपाळसोबत बसल्या होत्या. तोंड बाहेर करून, इंजिनाच्या आवाजाआड, त्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं. पुन्हा उत्तर आलं, अगदी कानाजवळून, त्या ओळखीच्या घाईने. थोड्या वेळाने आणखी एकदा. तेव्हा उत्तराबरोबर हसणंही ऐकू आलं.

"आई, नको बोलवू त्याला," गोपाळ म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "जयू बघ ना. थंड पडून राहिली आहे."

त्यांनी जयूचा हात धरला. हात गार होता, माठाला लावल्यासारखा. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती, आणि श्वास इतका हलका की फ्रॉकवरून कळतसुद्धा नव्हता. गाडीच्या हिसक्याने तिची मान कलली ती तशीच राहिली.

"अहो, जयूला बघा!"

विनायकरावांनी मागे हात टाकून तिच्या गालाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ऊन लागलं असेल. फिकर नको करू, पाऊण तासात उज्जैन. सरळ डॉक्टरकडे नेतो." त्यांनी गाडी पिटाळली. "जयू! बेटा, नाव सांग तुझं. काय नाव आपलं?"

जयूने ओठ हलवले. आठवून पाहिल्यासारखं केलं. आणि सोडून दिलं.

पाऊण तास हिच्याकडे नाही, हे प्रतिभाबाईंना त्या क्षणी कळलं. दर वेळी त्यांनी मधूला बोलावलं होतं आणि दर वेळी जयू थोडी थोडी ओसरली होती. आणि हे दिसत असून, आई असून, त्यांनी जीपमध्ये आणखी दोनदा बोलावलं होतं. स्वतःची इतकी शिसारी त्यांना कधी आली नव्हती.

"गाडी थांबवा."

"वेडी झालीस का? पोर..."

"थांबवा म्हणते ना! डॉक्टरचं काम नाही हे. माझं आहे."

विनायकरावांनी बायकोचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. जीप एका बाभळीखाली थांबली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कापणीला आलेली ज्वारी दोन्ही बाजूंना उभी होती, आणि वारा नसताना तिची पानं वाजत होती.

"अहो, मधू गेला ना," प्रतिभाबाई म्हणाल्या, "त्यानंतर मी महिनाभर रोज त्याच्या नावापुढे 'ह' लावला. हजर. वर्गात सगळ्या पोरांदेखत त्याचं नाव घ्यायची, मनातल्या मनात उत्तर द्यायची आणि 'ह' लावायची. मोठ्या बाईंनी हजेरीपत्रक पाहिलं. काही बोलल्या नाहीत बिचाऱ्या, मला दुसरी तुकडी दिली. मी त्याला गैरहजर कधी लावलंच नाही. तो येणार नाही तर काय करेल?"

 विनायकरावांनी इंजिन बंद केलं.

प्रतिभाबाई खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, तोंड जीपकडे करून. वर्गात लावायच्या त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"गोपाळ विनायक नेवासकर."

"हजर, बाई." गोपाळचा आवाज फुटत होता, पण त्याने उत्तर दिलं.

"मधुकर..."

"हजर!"

जयूचे ओठ हलले नव्हते. विनायकरावांनी मात्र या वेळी ऐकलं. त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं, आणि सीटच्या पाठीला घट्ट धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली.

"मधुकर विनायक नेवासकर," प्रतिभाबाईंनी त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचं पुरं नाव घेतलं. "गैरहजर."

जीपमधून आवाज आला, गोंधळलेला, बारीक. "हजर, बाई. मी आहे ना."

"गैरहजर."

"आई, मी हजर आहे."

शाळेत त्यांना आई म्हणायचं नाही, असं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. गेल्यावरही तो ते पाळत आला होता, अगदी आत्तापर्यंत. प्रतिभाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. एक पाऊल पुढे टाकलं असतं, दोन्ही हात पसरले असते, तर तो आला असता. त्याची त्यांना पुरी खात्री होती. जीपच्या मागच्या सीटवर जयूची मान खाली पडली होती.

"नाहीस तू, बाळा," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज त्यांनी कापू दिला नाही. "तू नाहीस. मधुकर विनायक नेवासकर, गैरहजर."

ज्वारीची पानं वाजायची थांबली. त्या वाट बघत राहिल्या. आणखी एकदा म्हणेल, असं त्यांना वाटत होतं, आणि लाज वाटली तरी तसं त्यांना हवंही होतं. कोणी काही म्हणालं नाही.

"जयश्री विनायक नेवासकर."

उत्तर नाही. विनायकराव "जयू, जयू" म्हणत तिचे हात चोळत होते.

"जयश्री विनायक नेवासकर!"

"हजर, बाई," जयू म्हणाली, आणि खोकत, दचकत उठून बसली. अंगाला घाम सुटला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, भावाचा रडवेला चेहरा पाहिला, बापाने तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा त्याच्या खांद्यावरून रस्त्यात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

"आई, तू कोणाला एवढं रागावून राहिली होती?"

प्रतिभाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"कोणाला नाही गं," त्या म्हणाल्या. "कोणी नव्हतं तिथे."