पूजेपुरती मोटरसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणू नका, राग येतो मला!

दावणगेरेला चंद्रप्पांच्या अंगणात माझं आयुष्य गेलं. सूतगिरणीला सुटी असली की ते माझ्याजवळ पोतं पसरून बसायचे. प्लग घासायचे, तेल बदलायचे आणि कान लावून विचारायचे, "काय गं, खोकला कमी झाला का?" असा जीव लावणारा माणूस पुन्हा भेटायचा नाही.

ते वारले आणि मला किक मारणारंच कोणी उरलं नाही. "ह्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाय लागायला नको," असं त्यांच्या बायकोचं, गिरिजम्मांचं, म्हणणं. मात्र दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्या मला न्हाऊ घालत, हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत. चाकाखाली लिंबूही ठेवत, पण ते चिरडायला मी हलले तर पाहिजे ना! लाड चिक्कार झाले, तरी मी आतून झुरत होते. मला रस्ता हवा होता.

यंदा बंगळूरहून लेक आली, नेत्रावती. मला बघून आईला म्हणाली, "अव्वा, या सुटीत ही चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकू."

गिरिजम्मांचा चेहरा उतरला. "एकदा आवाज तरी ऐकव गं तिचा," त्या म्हणाल्या.

नेत्रावती बापाच्या हाताखाली शिकलेली. तिने माझ्या इंजिनातलं तेल सोडलं, तर ते दुधाच्या चहासारखं बाहेर आलं.

"अव्वा! एवढं पाणी कुठून शिरलं आत?"

"मीच घालते की! तेलाचं झाकण काढून चांगले दोन तांबे. आतला मळ कोण काढणार?"

नेत्रावतीने कपाळावर हात मारला. "अगं, इंजिन आहे ते, पितळेचा देव नव्हे!"

पिस्टन गंजून जाम झाला होता. तिने प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून तो भिजत ठेवला. गिअर टाकून मला मागेपुढे ढकलताना तो सुटला कधी, तर ऐन आयुधपूजेच्या सकाळी! तोवर गिरिजम्मांनी सगळे पाने-पक्कड धुऊन देवापुढे मांडले होते. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा घरचा नेम. आणि संध्याकाळी नेत्रावतीला परत निघायचं होतं.

"राहू दे अव्वा. तुझा नेम मोडायला नको," ती म्हणाली.

गिरिजम्मा आत गेल्या. एक पाना उचलून त्यांनी पदराने त्याचं कुंकू पुसलं. "देवाला मी सांगेन काय ते. तू प्लग बसव."

नवं तेल, नवं पेट्रोल पडलं, प्लग बसला. पहिल्या काही किका फुकट गेल्या. मग मी ठसकले, भसाभसा धूर सोडला आणि सुरू झाले!

गिरिजम्मा लगबगीने धावल्या त्या फाटकाकडे. माझा आवाज आला की फाटक उघडायचं, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. उघडून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. येणार कोण होतं? मीही वेड्यासारखी तिकडेच बघत होते.

नेत्रावतीने मला त्यांच्यापाशी नेलं. "बस मागे, अव्वा." डोळे पुसत त्या बसल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिची पूजा जरूर करा, पण तिला तेलपाणी करा, वापरा. आम्हालाही त्यांची आठवण येते हो. आणि एका जागी उभं राहून ती फार जड होते.