मी बिकॉज, तुमच्या सबबींचा हमाल

मी बिकॉज बोलतोय. दचकू नका, जाब विचारायला आलेलो नाही. तुमची कारणं ऐकून माझे कान किटलेत.

माझा जन्म फार जुना, परक्या मुलखातला. सिन्स आणि ॲज हे माझे चुलतभाऊ. ते शिकलेल्यांच्या तोंडी असतात आणि नाक वर करून चालतात. सो दॅट हा धाकटा. मी 'का' ते सांगतो, तो 'कशासाठी' ते सांगतो. त्याला फारसं कुणी बोलावत नाही. मला मात्र पोरासोरांपासून साहेबापर्यंत सगळे राबवतात.

सध्या माझा मुक्काम एका शिवणकारखान्यात आहे. तिथल्या साहेबाने नियम काढला की, उशीर होवो नाहीतर सुट्टी हवी असो, कारण इंग्रजीतच सांगायचं. त्यासाठी एक शिकवणीवाली बाई येऊन गेली. तिने आम्हा भावंडांना फळ्यावर लिहिलं, ते आम्ही अजून तिथेच आहोत.

दारावरच्या रखवालदाराला इंग्रजीचा गंध नाही. बिकॉज कानावर पडलं की तो दार उघडतो. मग काय विचारता! कटिंग मास्तर समोरच्याच गल्लीत राहतो आणि रोज म्हणतो, "बिकॉज बस लेट." इस्त्रीवाला तर एकदा "बिकॉज गुड मॉर्निंग" म्हणून आत शिरला.

"हां, हे कारण पटलं," रखवालदार म्हणाला.

साहेब तरी कुठे वेगळा? बायकांनी विचारलं, पंखे का बंद? तर म्हणे, "बिकॉज पॉलिसी." असल्या माणसांच्या जिभेवर बसायचं म्हणजे किळस येते.

काजं करणारी मावशी मात्र कधी माझ्या वाटेला गेली नाही. वेळेवर यायची, खाली मान घालून काम करायची. मला ती बावळट वाटायची.

परवा दुपारी तिला फोन आला. मुलीचं पहिलंच बाळंतपण, पोरगी अडली होती आणि दवाखान्यात जवळचं कुणी नव्हतं. मावशी धावत साहेबापुढे गेली.

"साहेब, जाऊ द्या मला. पोरगी अडलीय हो!"

"नियम ठाऊक आहे ना, मावशी? इंग्रजीत."

"अगं, बिकॉज म्हण नि सूट!" मास्तर मागून कुजबुजला.

मावशीने फळ्याकडे पाहिलं. मी छाती काढून उभाच होतो. तिची नजर माझ्यावरून सरकली आणि धाकट्यावर थांबली.

"सो दॅट... डॉटर... नॉट अलोन."

साहेब हसला. "आणि बिकॉज कुठंय? कारण सांगा ना!"

"कारण तुम्हालाच राहू द्या, साहेब. माझी पोर तिथं एकटी आहे." कात्री त्याच्या टेबलावर ठेवून ती निघाली. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

थोड्या वेळाने मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, काजं का थांबली? आमचा साहेब म्हणाला, "बिकॉज..." आणि पुढे त्याला काही सुचेना. तसा लोंबकळताना मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

संध्याकाळी निरोप आला की नात झाली, दोघी सुखरूप आहेत, आजी उशाशी बसून आहे.

उद्या मावशीला कामावर घेतील की नाही, मला ठाऊक नाही. नाही घेतलं, तर साहेब मलाच पुढे करील. तेव्हा एवढंच करा, माझ्या मागून काय येतंय ते नीट ऐका. पोकळ निघालं तर भीड धरू नका, त्याच्या तोंडावर हसा.