शेळीचा रंग

आता हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण निळा कागद आठवडाभरात हिरवा झाला होता. तोच कागद, हॉलच्या सूचनाफळ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच रुंद चिकटपट्टीखाली. अक्षरही कारकून बाईंचंच, टपोरं, ‘गोष्टी’मधल्या ‘ष्टी’ला वेलांटीचा भला मोठा फुगा काढलेलं... आणि रंग हिरवा. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, फुंकर मारून पुन्हा पुसला, नाकावर चढवला. कागद आणखीच हिरवा दिसायला लागला.

शहर लहान. हॉल एक, फळा एक, कारकून बाई एक, आणि नगरपालिकेचा नियमही एकच – कलेला निळा कागद, सेवेला हिरवा. निळ्यावर गाण्याचा वर्ग, नाटकाची तालीम, शाळेतल्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन. हिरव्यावर रक्तदाब तपासणी, बहिऱ्यांसाठी खुणांची भाषा, एकट्या माणसांना घरपोच डबा. नगराध्यक्ष दरवर्षी याच हॉलच्या स्टेजवर उभे राहून सांगतात की सेवा आणि कला हे या शहराचे दोन हात आहेत, आणि सांगताना एकच हात वर करतात, कारण दुसऱ्यात माइक असतो. सकाळी ज्या खुर्च्यांवर बसून लोक कवळीचं माप देतात त्याच खुर्च्यांवर संध्याकाळी बसून नायिकेच्या मरणाला रडतात. यात काही वाईट नाही. एकतीस वर्षं त्याने याच हॉलचा पडदा ओढला – वर, खाली, वर, खाली – आणि या दोन रंगांची सरमिसळ त्याला कधी टोचली नाही. तेव्हा तो पगारी होता. पडद्याला रंग विचारत नाहीत.

आणि निवृत्तीनंतर, गेली चार वर्षं, दर बुधवारी अकरा वाजता, गोष्टी सांगायला बसणारा तो निळा होता.

हिरवा म्हणजे... हिरवा म्हणजे मी गोष्ट सांगत नाही. हिरवा म्हणजे मला गोष्ट सांगू देतात.

हा विचार आला तसा त्याने झटकला, आणि झटकल्यावर लक्षात आलं की हा विचार आज सकाळपासून दाराशी उभाच होता, फक्त त्याला आत यायला कागद मिळाला नव्हता. सकाळी सून म्हणाली होती, “बाबा, स्वेटर घालून जा. आणि जा हं नक्की, तिथं गेलं की तुम्हाला बरं वाटतं.” बरं वाटतं! गाण्याच्या वर्गाच्या बाईंना कोणी म्हणतं का, जा, गा, तुम्हाला बरं वाटतं? आणि मागच्या आठवड्यात ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती – “बुधवारची काळजी नाही, बुधवारी असतात ते तिथं” – आणि तो खोलीत आल्यावर तिने आवाज बदलून भाजीचा विषय काढला. तेव्हा त्याला वाटलं होतं, माझ्याबद्दल नसेल. आता त्याला वाटलं, भाजीबद्दल तर नव्हतंच.

कारकून बाई खिडकीपाशी बसून याद्या नीट लावत होत्या. तो सहज गेल्यासारखा गेला, सहज उभा राहिल्यासारखा राहिला.

“बाई, निळे कागद संपले वाटतं?”

“नाही हो काका, ढीगभर आहेत. का? हवाय?”

“नाही, आमचा बुधवार हिरवा दिसला, म्हणून विचारलं.”

त्यांनी मान तिरकी करून फळ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं त्याला वाटलं. “हिरवा कुठं? निळाच आहे की. ती वरची पट्टी पिवळी पडलीय बघा, निळ्यावर पिवळं आलं की तसं दिसतं.” आणि मग, याद्यांत मान घालता घालता, “आणि असला समजा हिरवा, तरी काय हो? वेळ तीच, खुर्च्या त्याच.”

आणि असला समजा. एवढंच खरं. पिवळी पट्टी, निळं-पिवळं, ते सगळं बोलायचं म्हणून. खरं बोलणं नेहमी शेवटी, मान खाली घालून येतं – तो स्वतः चाळीस वर्षं थापा मारत आला होता, त्याला कळत नव्हतं होय? सगळं शहर त्याला थापेकाका म्हणायचं. हे नाव त्याने मिळवलं होतं, कुणी दयेने दिलं नव्हतं.

तो पुन्हा फळ्यापाशी गेला. पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलं. कोपरा जरासा सुटला. आणखी अर्धा इंच ओढलं की उघडा कागद दिसेल, जो काय आहे तो... त्याने नख काढून घेतलं. नंतर. गोष्ट झाल्यावर. पडदा उघडायच्या आधी फटीतून प्रेक्षक मोजू नयेत, हे नटांना तोच सांगायचा, आणि ऐकायचा एकही नट नाही.

आतमध्ये माणसं बसत होती. नेहमीचीच, आठ-नऊ. निवृत्त पोस्टमन, दोघी बहिणी – एक ऐकणारी, एक तिला काय झालं ते विचारणारी – पुढच्या रांगेत कोपऱ्यात शिंपी, नाटकांचा कपडेपट सांभाळलेला म्हातारा, हाताची घडी घालून, डोळे मिटून. हा चार वर्षं डोळे मिटूनच ऐकत आला होता. ऐकत होता की झोपत होता हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, नर्सबाई. मांडीवर वही.

नर्सबाई सोमवारी याच हॉलमध्ये रक्तदाब बघतात. बुधवारी त्यांचं इथे काय काम? त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा येऊन बसल्या तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता – तरुण बाई, कामाचं माणूस, वेळ काढून येते, वर लिहून घेते! घरी जाऊन त्याने सुनेला सांगितलं होतं, माझ्या गोष्टी कुणीतरी लिहून घेतंय. सून म्हणाली होती, “छान झालं.” तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं?

आणि टेबलावर चहाचा थर्मास होता.

नाटकवाले चार-चार तास घसा फोडतात, त्यांना नगरपालिका पाणी देते. कलेला चहा नसतो. चहा हिरव्याला. हा थर्मास कधीपासून येतोय? पावसाळ्यापासून? की त्या दिवसापासून, जेव्हा गोष्ट सांगता सांगता त्याला ‘कप्पी’ हा शब्द आठवेना – ज्यावरून दोर फिरतो ती साधी कप्पी, एकतीस वर्षं डोक्यावर करकरत होती – आणि सगळे इतके शांत बसून राहिले, इतके समजूतदारपणे...

पूर्वी कोणी समजूतदार नव्हतं. हे त्याला आता लख्ख दिसलं. पूर्वी विंगेत तो तोंड उघडायचा की चौघं ओरडायची, खोटं! घरी बायको भांडी घासता घासता, पाठसुद्धा न वळवता म्हणायची, खोटं, आणि मग, पुढे काय झालं? त्या ‘खोटं’वर तर गोष्ट चालायची, दोराला ताण नसेल तर पडदा जागचा हलत नाही. बायको गेली. आणि इथे, या आठ-नऊ जणांनी, त्याला शेवटचं खोटं कधी म्हटलं होतं? त्याने आठवून बघितलं. आठवेना. हल्ली ते मान हलवतात. हल्ली ते म्हणतात, “वा काका.”

मग ठरवलं. तिथल्या तिथे, खुर्ची सरकवता सरकवता, अगदी लहानसा सापळा. आज पडद्याचीच गोष्ट सांगायची, यांनी वीसदा ऐकलेली, आणि त्यात शेळी काळी करायची. पांढरी शेळी लहान पोरालाही पाठ झाली असेल. कोणी ‘खोटं’ म्हणालं तर मी निळा. कोणी हळूच ‘विसरलात काका’ म्हणालं – गोड आवाजात, मान तिरकी करून – तर मग पट्टी सोलायची गरजच नाही. आणि कोणी काहीच म्हणालं नाही तर... याचा विचार त्याने केला नाही.

“कोणी विश्वास ठेवणार नाही,” त्याने सुरुवात केली, “पण या समोरच्या स्टेजचा अख्खा पडदा मी तीन तास दातांत धरून उभा होतो.”

“वा,” पोस्टमन म्हणाला. नुसतं वा!

“नाटक राजाचं. राजाला वनवास. वनवासात त्याला सोबत म्हणून एक शेळी, खरीखुरी. तिसऱ्या अंकात तिने काय करावं? विंगेत माझ्याजवळ येऊन दोर खायला घेतला. मी एका हाताने मागचं जंगल धरलंय, दुसऱ्या हाताने राजाची झोपडी. पडद्याचा दोर तुटला, सर्रकन वर निघाला – आता पडदा थेट राजाच्या डोक्यात! – मी काय करणार? उडी मारली आणि दातांत पकडला.”

बोलता बोलता तो दुसरीकडे मोजत होता. तीन तास खोटे; दहा मिनिटं असतील. दात खोटे, खरं तर दोन्ही हात आणि खांदा लावला होता. पुढे एक शिंक येणार होती, तिने नगराध्यक्षांची टोपी उडणार होती, तीही खोटी. खरी होती ती शेळी. तेवढी एकच. विंगेतल्या अंधारात तिने त्याच्या पोटरीला अंग टेकलं होतं, तिचा गरम श्वास, तो उग्र वास, आणि त्याला त्या सगळ्या धांदलीत कुणीतरी आपल्याबरोबर आहे असं वाटलं होतं... सगळ्या थापा त्या एका खऱ्या शेळीच्या खुंटीला बांधलेल्या होत्या. म्हणून तर तिचा रंग बदलताना जीभ जड झाली.

“मी खाली बघतो तर ती काळी शेळी माझ्याकडे बघतेय. काळीकुट्ट! अंधारात नुसते डोळे.”

थांबला. ऐकणारी बहीण दुसरीच्या कानात कुजबुजली. पोस्टमनने मान हलवली. काळी, पांढरी, काय फरक पडतो, अशी मान. थर्मासच्या झाकणातून बारीक वाफ येत होती. आणि शेवटच्या रांगेत नर्सबाईंनी वहीची पानं मागे उलटली, एका पानावर बोट ठेवलं, वर बघितलं, आणि त्यांची मान किंचित तिरकी झाली.

नको, तो मनात म्हणाला. बाई, नको.

“काका,” त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, “मागच्या वेळी तुम्ही—”

“खोटं!”

कोपऱ्यातून आला आवाज. शिंप्याने डोळे उघडले होते. लाल, जागे डोळे. हा माणूस चार वर्षांत एकदाही झोपला नव्हता.

“खोटं! साफ खोटं! काळी म्हणे!”

छातीत काहीतरी सर्रकन वर गेलं, कप्पी करकरली – कप्पी! – आणि तो हसलाही असता, खुर्चीवर हात आपटून म्हणालाही असता, शाब्बास रे पठ्ठ्या, पण शिंपी उठून उभा राहिला होता, बोट रोखून.

“चार वर्षं ऐकतोय तुझं. दात म्हणालास, गप्प बसलो. तीन तास म्हणालास, म्हटलं जाऊ दे, गोष्ट आहे. पण काळी? अरे, पांढऱ्या लोकरीची सात कातडी जोडून मी स्वतः शिवली होती ती, आठ दिवस खपून! आणि खरीखुरी शेळी कसली लेका? शेळी बनणारा नट आला नाही म्हणून आत मीच शिरलो होतो. गुडघे सोलवटून निघाले माझे. दोर जुना होता, आपला आपण तुटला. आणि मी भ्यालो म्हणून तुझ्या पोटरीला चिकटून बसलो होतो.”

दोघी बहिणी हसायला लागल्या, दुसरीलाही सगळं ऐकू आलं होतं. पोस्टमन मांडीवर थाप मारत होता. असं हसू या हॉलमध्ये त्याने वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. पडद्यामागे उभं राहून ते खरं की खोटं हे तो डोळे मिटून सांगू शकला असता, आणि हे खरं होतं, पैज लावून खरं. फक्त त्याला त्यात शिरता येईना. तो विंगेत उभा होता. पोटरीला ऊब लागत होती, गरम श्वास, उग्र वास... लोकरीचा? तंबाखूचा? शिंपी तेव्हा तंबाखू खायचा. खाली बघितलं होतं तेव्हा ते डोळे... कुणाचे होते? आपण तेव्हाच फसलो, की मागून कधीतरी, सांगता सांगता, पांढऱ्या लोकरीत जीव घातला? मग ही थाप होती? थाप मारणाऱ्याला ठाऊक नसलेली थाप – तिला काय म्हणतात?

नर्सबाईंचं पेन वहीवर टेकलं होतं. त्याही हसत होत्या, पण पेन टेकलेलं होतं.

“बोल की आता,” शिंपी ओरडला, आनंदाने त्याचा आवाज फुटला होता. “सगळ्यांसमोर सांग! मारलीस ना थाप?”

सगळे त्याच्याकडे बघत होते, चकाकत्या डोळ्यांनी, पूर्वीसारखे. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं तर ती एकच खरी शेळी गेली, ‘नाही’ म्हटलं तर वहीत विसरल्याची नोंद. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, दोर खरोखर दातांत आहे. तोंड उघडलं की सुटला.