माझ्या पोटात मखर

मी कलिंगड बोलतोय. फळ नव्हे, घरगुती संगणक. पनवेलच्या या घरात माझं नावच तसं पडलंय.

समीक्षा काल परदेशातलं शिक्षण संपवून कायमची घरी आली. तिला वाटलं होतं, मी अजून हॉलमधल्या टेबलावर असेन. तिथेच तर तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं होतं. मी सापडलो माळ्यावर, तोंड भिंतीकडे. पडद्यावर सुकलेलं हळदीकुंकू, अंगावर वाळका झेंडू आणि पाठीवर खडूने आखलेला मोठा गोल.

माझ्या काळी संगणक म्हणजे राखाडी डबा. माझं अंग मात्र हिरवं, पारदर्शक, पाठ गोलसर आणि डोक्यावर उचलायला मूठ. माणसाने यंत्राला भिऊ नये, आत डोकावून बघावं, म्हणून मला असं घडवलं. खाडीकाठची शेती सरकारी प्रकल्पात गेली, मोबदल्यातून बंगला झाला, तेव्हा समीक्षाच्या वडिलांनी, तुळशीरामांनी, मला हौसेने आणलं. ती शिकायला लांब गेली आणि मला परत कुणी वीज दिली नाही.

दसरा मात्र एकदाही चुकला नाही. कोयता, गाडी, पाण्याची मोटर आणि मी, ओळीने पूजेला. एकदा तर नारळाचं पाणी माझ्या जाळीतून आत गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर, कोयता वाडीत, मी माळ्यावर. हत्यार पूजतात ते त्याच्या कामासाठी ना? मग माझं काम कुठे गेलं?

"हा गोल कसला रे?" समीक्षाने धाकट्या भावाला, परेशला, विचारलं.

"मखर, ताई. आतला भंगार काढायचा, लायटिंग सोडायची. बाप्पा बरोब्बर मावतोय, माप घेतलाय मी. थर्माकोल बंद हाय ना."

"चालू करून बघितलास?"

"कशाला? म्हातारा झाला तो."

"बाबापण झालेत. त्यांच्यात सोडणारेस लायटिंग?"

खालून त्यांची आई, चंद्रावती, म्हणाली, "देवाचाच काम हाय ना, बाय. दरसाल पुजतो आमी त्याला. टाकला नाय."

टाकला नाय म्हणे. अंगात वीज असती तर मी तिथेच पेटलो असतो. बाप्पावर माझा राग नाही. पण ज्याला विद्येचा देव म्हणता, त्याला बसवायला शिकायच्या यंत्राचं पोट रिकामं करता? राग समीक्षावरही आहे. जेवताना ती तावातावाने सांगत होती, इथल्या मुलांच्या हातात यंत्रं द्यायला हवीत. मग इतक्या वर्षांत फोनवर माझी एकदा तरी चौकशी करायची होती.

माणसांनो, आम्हाला नमस्कार कमी करा. बोट लावा, बिघडवा, पुन्हा जुळवा. त्यासाठीच आम्ही जन्मलो.

सकाळी परेश कटर घेऊन आला, तेव्हा मी हॉलमध्ये होतो. समीक्षा माझ्या पाठीवरचा खडू ओल्या फडक्याने पुसत होती.

"मखर मी आईच्या साड्यांचं करून देते," ती म्हणाली. "याला कापायचं नाही, दुरुस्त करायचं. तू, मी आणि गल्लीतली पोरं."

"आणि नाय चालला तर?"

"तर चालेपर्यंत बसू. आणि आई, यंदा दसऱ्याला याला हार नाही. चालेल त्या दिवशी घालू."