फेन्नाच्या पायांचे बूट

फेन्नाच्या पायाला कुठलाच स्केटिंगचा बूट बसत नसे. पंजा रुंद, टाच चिंचोळी, आणि घोट्याखाली आतल्या बाजूला एक हाड असं पुढे आलेलं की बूट कितीही महागाचा घ्या, तिथे रुतायचाच. पाय थेट आईवर गेले होते. आमच्या फ्रिसलंडात पोर चालायला लागलं की त्याला बर्फावर उभं करतात आणि त्यानंतर त्याची कुरकुर कुणी ऐकून घेत नाही. फेन्ना पहिली फेरी वाऱ्यासारखी मारायची, दुसरीत ढेपाळायची. पोरीत जिगर नाही, असं प्रशिक्षकाने सरळ सांगून टाकलं होतं. या खेपेचे बूट बसले नाहीत तर आपण स्केटिंग सोडणार, असं फेन्नाने घरी जाहीर केलं. म्हणून रेन्स्के लेकीला घेऊन यिल्डर्टकडे आली. बूट तापवून पायावर बसवून देण्यात त्याचा हातखंडा होता.

"मोजे काढ," यिल्डर्ट म्हणाला.

"राहू द्या ना, काका."

"मग काय मोज्यांचं माप घेऊ?"

फेन्नाने मोजे काढले आणि रेन्स्के हबकलीच. अंगठ्यांची नखं काळीठिक्कर पडलेली, हाडावर अक्रोडाएवढा लालभडक गोळा, भोवती जुन्या जखमांचे वण. घरात मुलगी सदा लोकरी मोज्यांत असायची. एवढ्या मोठ्या लेकीचे पाय कोण बघायला जातं!

"कधीपासून हे?"

"पहिल्यापासून."

"अगं, मग बोलायचं नाही?"

"बोलले होते. तू म्हणालीस, सगळ्यांनाच लागतं."

रेन्स्के खरंच तसं म्हणाली होती, आणि एकदाच नव्हे.

यिल्डर्टने बूट स्वयंपाकघरातल्या भट्टीत सरकवले. "बायको म्हणते, या घरात केकपेक्षा बूटच जास्त भाजले गेले," तो म्हणाला. बुटात तिथे खोलगट जागा व्हावी म्हणून हाडावर जाड गादी चिकटवून त्याने मऊ झालेला बूट पायावर दाबून धरला. थंड झाल्यावर गादी काढून बघितलं, तर अजून टोचत होतं. बूट पुन्हा भट्टीत गेला.

"जादूगार नाही मी," तो पुटपुटला, "पण हट्टी आहे."

शनिवारी गावामागच्या गोठलेल्या तळ्यावर सगळं गाव लोटलं होतं. काठावर वाटाण्याच्या सूपचा घमघमाट सुटला होता. ते बूट घालून फेन्नाने एक फेरी मारली. दुसरीही सुरू केली, आणि ऐन मध्यावर ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली. घसरत, धडपडत रेन्स्के लेकीपाशी पोचली.

"दुखतंय का गं?"

फेन्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही."

"मग काय झालं?"

"आई, काहीच दुखत नाहीये." शेजारून चिल्लीपिल्ली खिदळत गेली. मागून एक म्हातारा पाठीवर हात बांधून शीळ घालत गेला. फेन्ना त्यांच्याकडे बघतच राहिली. "यांना हे असंच असतं? कायम? म्हणून हसतात का हे सगळे बर्फावर?"

रेन्स्केने त्या हसऱ्या तोंडांकडे पाहिलं.

"मला वाटायचं, सगळेच सोसतात," ती म्हणाली. "मी स्केटिंग सोडलं तेव्हा वाटलं, मीच तेवढी नाजूक." आणि ती तिथेच बर्फावर मटकन खाली बसली.