फुटके मणी

योआनिनाच्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या स्टेर्गिओसनं उबेच्या पेटीतून प्लेट काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवण्याआधी दोन्ही तळवे टेबलावर टेकवून क्षणभर थांबला. स्वतःच्या हातांवर त्याचा कधीच भरवसा नव्हता.

प्लेटच्या खाचांत धुळीच्या कणाएवढे पोकळ, जिवंत मणी होते. असिमिना नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीच्या आतड्यातल्या पेशींपासून ते वाढवले होते. तिला सिस्टिक फायब्रोसिस होता. पेशींमधली क्षार आणि पाण्याची दारं बंद, म्हणून छातीत कफ चिकटून बसलेला. ही दारं उघडणारं औषध निघालं होतं, पण तिच्या जनुकातला दोष इतका विरळा, की औषधाच्या यादीत तो नव्हताच. मग एकच वाट उरत होती. औषध आधी मण्यांवर घालून बघायचं. दारं उघडली तर पाणी आत शिरतं आणि मणी फुगतात. फुगले तर अथेन्सची समिती औषध मंजूर करते, नाहीतर फाइल बंद होते. दोनदा करून झालं होतं. ही तिसरी आणि शेवटची खेप.

तेवढ्यात फोन वाजला. पेशंटनं प्रयोगशाळेत थेट फोन करायचा नसतो, पण असिमिनानं नमुन्याच्या खोक्यावरचा नंबर केव्हाच उतरवून घेतला होता.

“काका, माझे मणी काय म्हणतायत?”

“मला सांगता येत नाही, पोरी. तुझे डॉक्टर सांगतील.”

“डॉक्टर म्हणतात लॅब सांगेल, लॅब म्हणते डॉक्टर सांगतील. आमच्या मेत्सोवो गावच्या बकऱ्यासुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाहीत.”

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत स्टेर्गिओस रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. बराच वेळ लागला.

“काल चीजच्या कारखान्याच्या पायऱ्या चढताना दोनदा बसले,” ती म्हणाली. “एकूण पायऱ्या अकरा. नाही असेल तर नाही म्हणा, काका. पण नीट बघून म्हणा.”

मग त्यानं अर्ध्या खाचांत औषध घातलं आणि तासाभरानं संगणकानं आकडा दिला. फुगवटा नगण्य.

विभागप्रमुख एव्दोकिया हातात पालकाचं पॅटिस घेऊन आत आली. पंधरा वर्षांपूर्वी ती स्टेर्गिओसच्या हाताखाली काम शिकली होती.

“काय?”

“नाही.”

“तिसऱ्यांदा नाही. मग लिहून टाकू, काका. शुक्रवारी समिती आहे.”

ती गेली. स्टेर्गिओसनं फाइल उघडली, पेन काढलं आणि पुन्हा टोपण लावलं. मग दर दहा मिनिटांनी घेतलेले फोटो तो एकेक करून बघू लागला. हे काम एरवी संगणक करी. शेवटी अखंड राहिलेले मणीच तो मोजी, फुटक्यांवर लाल फुली मारी.

औषधाच्या खाचांत चाळीस मणी होते. त्यांतल्या एकतिसांवर फुली होती. बिनऔषधाच्या खाचांतही चाळीसच होते, आणि तिथे फुल्या दोन.

हाताच्या धसमुसळेपणानं फुटले असते तर दोन्हीकडे सारखेच फुटले असते.

त्यानं दहाव्या मिनिटाचा फोटो मोठा केला. पुढे फुली बसलेले मणी इथे अजून अखंड होते, ताणून गोल झालेले, बाकीच्यांच्या दीडपट. विसाव्या मिनिटाला त्यांच्या नुसत्या चिंध्या होत्या. संगणकानं मोजले होते ते मागे राहिलेले नऊ मंद मणी.

त्यानं कामाची नियमपुस्तिका काढली. ‘फुटलेला मणी हाताच्या चुकीने फुटला असे समजावे. मोजू नये.’ साल २०१४. खाली त्याचीच सही.

फोटोंच्या छापील प्रतींवर, औषध कुठल्या खाचेत ते कळू नये म्हणून खाचांच्या क्रमांकांवर कागदी पट्ट्या चिकटवून त्यानं गठ्ठा पिसला आणि तो एव्दोकियाच्या टेबलावर ठेवला.

“कुठला मणी किती वाढला आणि कधी फुटला, तेवढं मोज.”

“मी इथली प्रमुख आहे की तुमची कारकून?”

“मला हवं तेच मला दिसतंय की काय, ते कळत नाही. म्हणून तू मोज.”

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पॅटिस बाजूला सारलं आणि मोजपट्टी घेऊन बसली. पाऊण तास ती मोजत राहिली. शेवटी तिनं पट्ट्या सोलल्या, क्रमांक पाहिले, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले.

“इतके फुगले की फुटले,” ती म्हणाली. “आणि आपण ते टाकून देत होतो.”

“नियम माझा होता.”

“ठाऊक आहे. सही ओळखते मी तुमची.” तिनं पेन घेतलं. “पद्धत का बदलली ते स्पष्ट लिहा आणि दहाव्या मिनिटाचे आकडे जोडा. समितीपुढे मी भांडेन. तिच्या डॉक्टरांना आत्ताच कळवते. तुम्ही घरी जा. जेवला नसालच.”

स्टेर्गिओस जागचा हलला नाही.

“हा नियम केल्यापासून आपण तेवीस जणांना नाही म्हटलंय,” तो म्हणाला.

एव्दोकियानं हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. मग स्वतःची खुर्ची संगणकापाशी ओढली.

सगळे जुने फोटो साठवलेले होते. पहिला संच २०१५ च्या मे महिन्यातला, योआनिनातल्याच एका सतरा वर्षांच्या मुलाचा. औषधाच्या खाचांत वीस मणी, चौदा फुल्या. दुसऱ्या बाजूला एकही नाही. स्टेर्गिओसनं दोनदा मोजलं आणि मग तिच्याकडून मोजून घेतलं.

“याच्या डॉक्टरांना मी फोन करू?” तिनं विचारलं.

“नको. चूक माझी आहे, मीच सांगतो. आणि विचारतो.”

“काय विचारणार?”

“तो मुलगा अजून आहे का, ते.”

त्यानं डगल्याची बटणं गळ्यापर्यंत लावली, आणि फोन लावण्यासाठी तो उठून उभा राहिला.