बैल तं कोठ्यातच होते

चंदाबाईनं मले हापशीवर गाठलं, पाण्याचा गुंड खाली ठेवला अन कानाशी येऊन म्हणे, "कौसल्या, तुह्ये मालक पहाटेस दावं घेऊन वावराच्या पांधणीनं गेले वो. एकलेच."

मी हापसाचं थांबली.

ज्यानं ती सालं आमच्याकडे काढली नाहीत, त्याले यात भ्याचं काय ते समजनार नाही. दावं म्हंजे बैल बांधाचा दोर. घरोघरी असते. पण त्या सालांत बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, उरल्यासुरल्या कापसाले भाव नाही, अन नेरच्या आजूबाजूले आज या गावचा, उद्या त्या गावचा माणूस वावरात जाये अन परत येत नव्हता. तवा आमच्या गल्लीतल्या बायांनी एक रीत पाडली होती. कोणी बसून ठरवली नाही, आपोआप पडली. फवारणीचं औषध बायांच्या कुलपात. अन कोणाचाही माणूस अवेळी एकला वावराकडे जाताना दिसला, का जिले दिसला तिनं त्याच्या घरी सांगाचं. भांडण असो, अबोला असो, सांगाचंच. चंदाबाई अन मी तं दिवाळीपासून एकमेकीचं तोंड पाहत नव्हतो. तरी ती आली, म्हणून मी जास्त भेली.

"बैल सुटला असन एखांदा," मी म्हटलं.

"मंग पाह्य जाऊन कोठ्यात," ती म्हणे.

गुंड तिथंच टाकून मी घरी पळत आली. बैल तं कोठ्यातच होते. दोघंबी उभे, आरामात रवंथ करून राह्यले. खुंटीवरचं दावं तेवढं नव्हतं.

उजाडल्यावर घनश्याम, म्हंजे माह्ये मालक, घरी आले. खांद्यावर दावं, सदरा घामानं ओला.

"कुठं गेलते?"

"वावरात."

"अन दावं कायले?"

"असंच."

बस. हातपाय धुतले, टोपल्यातली भाकर उभ्यानंच खाल्ली अन चक्कीवर जाऊन बसले. आमची पिठाची चक्की हाय, घराले लागूनच. थोडंसं वावर बी हाय, पण घर चालते ते चक्कीवर. आधी हा माणूस चक्कीवर बसला का गावची सारी खबर तिथं दळून निघे. तांड्यावरचा धरमसिंग हा यायचा, म्हंजे मालकाचा, जिगरी दोस्त. रोज दुपारी पोत्यावर पाय पसरून बसे, अन दोघंबी इतके हसत का चक्कीच्या आवाजातूनबी मले ऐकू ये. मागच्या पोळ्याच्या आधी धरमसिंग बी गेला. तसाच. तवापासून यायचं बोलणंच आटलं. लाइट गेली, चक्की बंद पडली, तरी त्या अंधाऱ्या खोलीत तसेच बसून राहत. ताटात वाढलं तं अर्धं ठेवून उठत.

आता माह्यं तोंड कसं हाय ते साऱ्या गावाले माहीत हाय. मी रेशनवाल्याले भर रांगेत झापलं हाय, सरपंचाले त्याच्याच ओट्यावर जाऊन बोलली हाय. पण हे एक विचारता येईना. कसं विचाराचं, सांगा ना? अजी, तुमच्या मनात तसं काही हाय काय? अन नसलं, तं माह्या विचारण्यानं आलं तं? पोरीले सांगाचं तं तेबी होईना. वैष्णवीची सोयरीक वणीकडं चालू होती, पोरगा कोळशाच्या खाणीत कामाले होता, अन ती बिचारी आपल्या खुशीत होती.

मंग मी काय केलं, ते दावं धान्याच्या कोठीमागं लपवलं. म्हटलं, पाहतेच आता.

दुसऱ्या दिवशी जाग आली तं हे गायब. कोठ्यात गेली. एक बैल मोकळा उभा होता. त्याच्या गळ्यातलं दावं सोडून नेलं होतं, जी!

माय वो, ती सकाळ मी कशी काढली ते मलेच माहीत. मागं धावाले कुठं जाऊ? पांधणीनं, का नाल्याकडं, का सडकेनं? मी फाटकात उभी राहून नुसती रस्त्याकडे पाहत होती, अन बैल अंगणात येऊन तुरीचं कुटार खात होता. हे परत आले, तवा बैलाले पाह्यलं, मले पाह्यलं, गुपचूप बैलाच्या गळ्यात दावं घातलं अन चक्कीवर गेले. मी न्याहारी वाढली. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मले वाटलं, शेवटचं पोटभर खाऊन राह्यले काय हे. असले घाण विचार त्या सालांत भरल्या ताटापाशी येत.

संध्याकाळी मी चंदाबाईच्या घरी गेली. दिवाळीचं भांडण दारातच सोडलं. म्हटलं, "बाई, उद्या मी मागं जातो. तू बी ये. मी एकली पडीन तिथं."

"मी येतो, अन दोघी-तिघीले आणतो," ती म्हणे. "तू काळजी नको करू." काळजी नको करू म्हणताना तिचाच आवाज कापत होता.

तिसऱ्या दिवशी मी अंगावर गोधडी घेऊन डोळे मिटून पडली होती. हे उठले. पाण्याचा आवाज आला, मंग कोठ्याची कडी. मी शंभर देव आठवले अन निघाली.

झुंजूमुंजू होतं. पांधणीनं हे पुढं, मी मागं, बाभळीच्या आडोशानं. चप्पल वाजू नये म्हणून मी हातात घेतली होती, काटे मोडून राह्यले होते पायात, पण थांबली नाही. आमचं वावर आलं. मले वाटलं इथं वळतीन. वळले नाहीत.  वावरात काम नाही, मंग जाऊन कुठं राह्यला हा माणूस? अन चालणं कसं, तं झपझप, कोणीतरी बोलावून राह्यलं असल्यासारखं. नाला ओलांडला. नाल्यापलीकडं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, एक जुनं बाभळीचं झाड हाय. त्याच्याखाली हे थांबले. वर पाह्यलं. खांद्यावरचं दावं काढलं, अन फांदीवर टाकलं.

मंग मी कशी धावली, नाला कसा ओलांडला, मले काहीच आठवत नाही. मी बोंब मारली एवढं माहीत हाय. जाऊन कमरेले अशी मिठी मारली का आमी दोघंबी धुऱ्यावरून खाली पऱ्हाटीत पडलो.

"सोडनार नाही! मेली तरी सोडनार नाही! मले अन पोरीले टाकून चालले काय? लाज नाही वाटत?" मी त्यायच्या छातीवर बुक्क्या मारत होती.

"अवं, काय झालं? कोण मेलं?" हे खालून ओरडत होते.

तेवढ्यात चंदाबाई अन तिच्या मागं तिघीजणी धापा टाकत आल्या. एकीनं दावं ओढून नाल्यात फेकलं. एकीनं यायचे पाय धरले. चौघी बाया अन एक बायको, मधात माणूस, अन सारे रडून राह्यले. फक्त यायलेच समजेना का रडाचं कायले.

मंग समजलं. ते जसं समजलं तसं त्यायचं तोंड पांढरं पडलं. उठून बसले, एक पाय वर केला अन चपलेत शिरलेला काटा दाखवला. "काटा काढाले थांबलो होतो, बयताडांनो. दोन्ही हात लागतेत. म्हणून दावं वर टाकलं."

"अन आणलं कायले?"

तवा खरं बाहेर आलं. नेरच्या डॉक्टरनं रगत तपासलं होतं. साखर निघाली, भल्ली वाढलेली. दिवसभर बसून राहता, म्हणे, पायाले मुंग्या येतेत, पुढं डोळे जातीन, पाय जातीन. गोळ्या घ्या अन रोज सकाळी चाला, घाम येईपर्यंत. यायनं घरात सांगतलं नाही, काहून का वणीवाल्यांच्या कानावर गेलं तं म्हणतीन, बापाले साखर हाय, उद्या पोरीले बी होईन. अन रिकाम्या हातानं चालाचं तं आमच्या गावात सोय कुठं? कामाशिवाय चालनारा माणूस आमी पाह्यलाच नव्हता. हातात विळा पाह्यजे, टोपलं पाह्यजे, नाही तं दर दारातून विचारतेत, कुठं चालले भाऊ, काहून चालले भाऊ.

"मले पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, बैल सुटला काय? मी म्हटलं व्हय. मंग रोज दावं न्यावंच लागलं ना," हे म्हणे.

चंदाबाई आधी हसली. मंग आमी साऱ्याच हसलो, डोळे पुसत पुसत, पऱ्हाटीत बसून. किती दिवसानं गल्लीतल्या बाया अशा हसल्या असतीन, देव जाणे.

पण गाव काय सोडते? दुपारपर्यंत चक्कीवर रांग. दळण कमी, चौकशा जास्त. "काय घनश्यामभाऊ, सापडला काय बैल?" पोट्टे तं मुद्दाम वासरू घेऊन आले दाखवाले. हे मान खाली घालून पीठ भरत राह्यले, अन दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी बी नाही.

आता माह्या जिवाले नवाच घोर लागला. एका भेवातून सुटली तं दुसऱ्यात पडली. हा माणूस पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत पोत्यावर बसून राह्यला होता, पुन्हा अर्धं ताट ठेवून उठून राह्यला होता.

"उठा," मी म्हटलं. "चाला फिराले."

"लोक हसतेत."

"हसू द्या. पाय गेले म्हंजे कोण येईन उचलाले, हसनारे? मी उचलीन, मीच! अन माह्यी कंबर दुखते."

हात धरून उठवलं. मी बी संग निघाली. नवरा-बायको सकाळी सकाळी काम नाही, धंदा नाही, सडकेनं चालून राह्यले, हा तमाशा गावानं कधी पाह्यला नव्हता. ओट्या-ओट्यावरून माना वळत. मी बी काही कमी नव्हती. कोणी दात काढले का मी तिथंच उभी राहून म्हणे, "साखर हाय त्यायले. तुह्या घरी कोणाले नाही ना? तपासली काय?" दातखिळी बसे. अन वणीवाल्यांचं म्हणाल तं मीच निरोप पाठवला खरा काय तो. पोराच्या बापाचं उत्तर आलं का त्यायले स्वतःले कधीची साखर हाय, अन इकडं आले का ते बी संग फिराले येतीन. आमी उगाच मरून राह्यलो होतो.

हळूहळू चालण्याची सवय पडली. मीच बोलत राहो अन हे ऐकत. एके सकाळी नाल्याच्या पुलावर आलो. माह्यं बोलणं चालूच होतं, का पाहा, मी काय काय समजून बसली होती, कशी येड्यासारखी धावली.

"कौसल्या," हे मधातच म्हणे, "तू चुकीचं समजली नव्हती."

"म्हंजे?"

हे माह्याकडे न पाहता चालत होते. "चंदाबाईनं पाह्यलं ना, तो पहिला दिवस. त्या दिवशी मी फिराले नव्हतो गेलो."

मी चालताचालता त्यायच्या बाजूले सरकली.

"डॉक्टरनं चाला म्हटलं ते माह्या कानातच शिरलं नव्हतं. पाय जातीन, तेवढंच शिरलं. कापूस गेला, धरम्या गेला, आता पाय बी जातेत. तुमच्यावर ओझं होऊन कायले राहाचं. जागा पाहत पाहत निघालो. इथं नको, तिथं नको, असं करत लय दूर गेलो. तेवढ्यात दिवस निघाला. अन मले भूक लागली." हे जरा थांबल्यासारखे झाले, पुन्हा चालाले लागले. "धरम्या गेल्यापासून लागली नव्हती अशी. पोटात नुसती आग पडली. म्हणून घरी आलो."

"अन दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी चालालेच गेलो. म्हटलं, आज बी लागते काय भूक, पाहू."

मी पुलाच्या कठड्यावर बसाले लागली तं यायनं दंड धरला. "बसू नको. चाल. थांबलो का मले अजूनबी भेव वाटते."

मी सावरली. यायचा हात हातात घेतला, अन चालाले लागली. आमच्याकडे नवरा-बायको सडकेवर हात धरून चालत नाहीत, एवढ्या वर्षांत आमी कधी चाललो नव्हतो. समोरून धरमसिंगचा भाऊ किसनसिंग सायकलवर येत होता, मागं आठवडी बाजाराची आणखी माणसं. यायनं हात सोडवाले पाह्यलं.

मी सोडला नाही.